धीराचा माणूस शेजारी असला की नेमकं काय होतं?

28 डिसेंबर 2020. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मेलबर्न कसोटीचा तिसरा दिवस. रवींद्र जाडेजा 49 वर खेळत होता. पन्नाशीची ती एक धाव त्याला घाईने हवी होती, म्हणून चेंडू कव्हरकडे ढकलून तो पळाला. समोरून अजिंक्य रहाणेही पळाला आणि थोडक्यात कमी पडला. 112 वर धावबाद. आदल्या दिवसापासून डाव त्यानेच उभा केला होता आणि चूक त्याची नव्हती. अशा वेळी बाद झालेला फलंदाज काय करतो ते आपण गल्लीतल्या क्रिकेटपासून बघत आलोय. हात पसरतो, बॅट आपटतो, निदान एक जळजळीत नजर तरी टाकतो. रहाणे जाडेजाजवळ गेला, त्याला थोपटलं, खेळत राहा अशा अर्थाचं काहीतरी बोलला आणि तंबूत परतला. जाडेजाने अर्धशतक पूर्ण केलं.

त्याआधी नऊ दिवस ॲडलेडला भारताचा अख्खा डाव 36 धावांत गुंडाळला गेला होता. कसोटीतली भारताची ही सर्वांत कमी धावसंख्या. कप्तान विराट कोहली पहिल्या अपत्याच्या जन्मासाठी घरी निघाला होता, कप्तानी रहाणेकडे आली होती आणि महंमद शमीचा हात मोडला होता. आता मालिका चार-शून्य, अशी भाकितं चालू होती. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मेलबर्न आठ गडी राखून जिंकलं, सिडनी वाचवलं, आणि 19 जानेवारी 2021 ला ब्रिस्बेनला 328 धावांचा पाठलाग करून मालिका 2-1 अशी खिशात घातली. त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया 1988 नंतर एकदाही हरलं नव्हतं.

कप्तान शांत होता म्हणून सामने जिंकले, असं म्हणणं बाळबोधपणाचं होईल. जिंकायला बुमरा लागतो, अश्विन लागतो, अंगावर चेंडू घेत उभा राहणारा पुजारा लागतो आणि शेवटी एक ऋषभ पंत लागतो. पण 36 वर कोसळलेल्या, रोज एक माणूस जायबंदी होणाऱ्या संघातली नवखी पोरं भांबावली कशी नाहीत, हा प्रश्न उरतोच. ‘रहाणेचा स्वभावच तसा’ म्हणून आपण तो सोडून देतो. एका माणसाच्या स्वभावाने दुसऱ्याच्या हातातला चेंडू सरळ कसा पडतो, याला मात्र एक यंत्रणा आहे. ती बरीचशी शरीरात आहे, आणि समजून घेण्यासारखी आहे.

आधी आईचा चेहरा

सुरुवात वर्षाच्या बाळापासून करू. एका मोठ्या टेबलावर जाड काच बसवलेली. अर्ध्या भागात काचेच्या लगेच खाली चौकडीचं कापड, पुढच्या अर्ध्यात तेच कापड खाली खोल गेलेलं. म्हणजे काच पक्की असली तरी रांगत येणाऱ्याला पुढे खड्डा दिसतो. 1985 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ही खोली मुद्दाम मोघम ठेवली. खूप खोल नाही, अगदी उथळही नाही. ओलांडावी की नाही, हे बाळाला ठरवता येऊ नये इतपत. पलीकडे आई उभी.

बाळं काठापर्यंत येत, खाली बघत आणि मग मान वर करून आईकडे बघत. काही आयांना हसरा चेहरा ठेवायला सांगितलं होतं, काहींना घाबरलेला. हसऱ्या चेहऱ्याच्या 19 पैकी 14 बाळांनी काच ओलांडली. घाबरलेल्या चेहऱ्याच्या 17 पैकी एकाही बाळाने ओलांडली नाही. आया एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

परिस्थिती स्पष्ट असते तेव्हा आपण स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवतो. ती मोघम झाली की ज्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं असं वाटतं त्याच्या चेहऱ्याकडे बघतो. वय वाढलं म्हणून ही सवय सुटत नाही. विमान हादरायला लागलं की पहिली नजर हवाई सुंदरीकडे जाते. दवाखान्यात रिपोर्ट हातात घेतलेल्या डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आधीच आपण त्यांच्या भुवया वाचून झालेलो असतो. कंपनीत कपातीची कुजबुज सुरू झाली की साहेब सकाळी गाडीतून कसे उतरले यावरही डब्याच्या वेळी चर्चा होते.

म्हणजे पुढारपणाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला आपण काही दाखवायचं की नाही, हा पर्यायच नसतो. तो काहीच करत नसला तरी लोक त्याला वाचत असतात.

भीती पसरते, आणि धीरही

समोरच्याने भुवया आवळल्या की आपल्याही किंचित आवळतात. त्याचा श्वास उथळ झाला की आपलाही होतो. हे नकळत आणि फार झपाट्याने घडतं, आणि शरीर एकदा तसं वागू लागलं की मनही त्याच्यामागे जातं. मानसशास्त्रात याला भावनांचा संसर्ग म्हणतात.

घाबरल्यावर शरीर काय करतं, ते थोडक्यात बघू. ॲड्रेनालिन वाढतं, हृदय धडधडतं, स्नायू ताणले जातात आणि लक्ष एका जागी खिळतं. अंगावर बैल धावून येत असेल तर हे फारच उपयोगाचं आहे. पण जिथे चार गोष्टी एकाच वेळी बघायच्या असतात, आठवून तोलायच्या असतात, तिथे हेच खिळलेलं लक्ष घात करतं. माणूस एकाच बटणाशी झटत बसतो. शेजारी कुणी काही सांगत असेल तर ते कानावर पडतं, पण पोहोचत नाही.

धीराच्या माणसाचा खरा उपयोग इथे होतो. त्याच्यामुळे लोकांना बरं वाटतं हे आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांचं लक्ष पुन्हा रुंद होतं. त्यांचं स्वतःचं डोकं त्यांना परत मिळतं. कप्तानाच्या शांतपणाचं माप कप्तानाच्या चेहऱ्यावर काढू नये. बाकीच्या दहा जणांना त्या वेळी किती सुचत होतं, त्यावरून काढावं.

मेलबर्नच्या पहिल्याच दिवशी याचं एक छोटं उदाहरण आहे. महंमद सिराजचं ते पदार्पण. महिनाभरापूर्वी त्याचे वडील हैदराबादला वारले होते आणि तो दौरा न सोडता ऑस्ट्रेलियातच थांबला होता. पहिल्या सत्रात रहाणेने त्याला चेंडू दिलाच नाही. बुमरा आणि उमेश यादवनंतर लवकरच अश्विनला आणलं. पहिल्या सकाळी, वेगवान गोलंदाजांना साथ देणाऱ्या खेळपट्टीवर, फिरकी! अश्विनने वेड आणि स्मिथला काढलं, उपाहाराला ऑस्ट्रेलिया 3 बाद 65. सिराजच्या हाती चेंडू आला तो उपाहारानंतर, कसोटीतली तीन महत्त्वाची नावं तंबूत जाऊन बसल्यावर. त्याचा पहिला बळी लाबुशेन, आणि झेल घेणारा शुभमन गिल. तोही पदार्पण करणारा.

यात डावपेच किती आणि पोराला सावरणं किती, हे रहाणेच जाणे. मला यात दोन्ही दिसतं. पाठ थोपटून ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणणारे पुष्कळ असतात; टेन्शन कमी असेल अशा वेळी चेंडू हातात देणारा कप्तान मला जास्त मोलाचा वाटतो.

मग चेहरा शांत ठेवला की झालं?

इथे एक अडचण आहे, आणि ती बाजूला सारून पुढे जाणं बरोबर नाही. सिगल बारसेड या अमेरिकी संशोधिकेने 2002 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या गटांना बोनसची रक्कम वाटून घेण्याचं काम दिलं होतं. प्रत्येक गटात एक शिकवून ठेवलेला नट होता. कुठे तो उत्साही, कुठे शांत आणि प्रसन्न, कुठे चिडलेला, कुठे मरगळलेला. नटाचा नूर गटात पसरला. जिथे तो प्रसन्न होता तिथे सहकार्य वाढलं आणि खटके कमी उडाले. म्हणजे अभिनयसुद्धा पसरतो! मग खरेपणाचं एवढं कौतुक कशाला?

कारण तो प्रयोग थोड्या वेळाचा होता, आणि नटाला तिथे कसलीच भीती नव्हती. त्याला काही लपवायचं नव्हतं. खऱ्या आयुष्यात मुखवटा घालणारा आतून घाबरलेला असतो, आणि दोन्ही गोष्टी एकदम सांभाळत असतो.

तसं करताना काय होतं ते आणखी एका प्रयोगात दिसलं. 2003 सालचं हे काम. एकमेकींना न ओळखणाऱ्या बायकांच्या जोड्या केल्या. त्यांना अणुबॉम्बनंतरच्या जपानचा अंगावर येणारा माहितीपट दाखवला आणि त्यावर आपसात बोलायला सांगितलं. काही जोड्यांत एकीला गुपचूप सूचना होती की आत काय वाटतंय ते चेहऱ्यावर अजिबात येऊ द्यायचं नाही. तिने ते जमवलं, पण बोलण्यावरचं तिचं चित्त विचलित झालं. खरी गंमत समोरच्या बाईची. तिला सूचनेची काही कल्पना नव्हती, तरी तिचा रक्तदाब वाढला. शिवाय या बाईशी मैत्री करावी असंही तिला फारसं वाटलं नाही.

याच्या तळाशी साधी गोष्ट आहे. माणूस भावना दाबतो तेव्हा चेहरा स्थिर होतो, पण प्रतिसादही थांबतो. नजर थोडी उशिरा वळते, ‘हं’ वेळेवर येत नाही, आवाज वरच्या पट्टीत सरकतो. ऐकणाऱ्याला नेमकं काय चुकतंय ते सांगता येणार नाही, पण इथे काहीतरी जुळत नाही हे शरीराला कळतं. आणि न जुळणारी माहिती ही धोक्याची सूचना असते. ‘काही झालेलं नाही’ असं दातांवर दात ठेवून सांगणारा साहेब त्यामुळेच ओरडणाऱ्या साहेबापेक्षा जास्त घाबरवतो. ओरडणाऱ्याचं निदान कळतं तरी.

मुखवट्याची किंमत घालणाऱ्यालाही मोजावी लागते. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 साली हवाई सुंदऱ्यांच्या कामाचा अभ्यास करून दोन प्रकार वेगळे केले. एक, वरवरचा अभिनय, म्हणजे आत राग आणि ओठांवर हसू. दुसरा, आतूनच बदलायचा प्रयत्न. समोरचा प्रवासी उर्मट नसून घाबरलेला आहे, असं स्वतःला पटवून मग त्याच्याशी बोलणं. पुढच्या अनेक अभ्यासांत वरवरचा अभिनय माणसाला जास्त थकवतो असं आढळलं. बँकेच्या काउंटरवर किंवा शाळेच्या ऑफिसात दिवस काढलेल्यांना हे कुणी सांगायला नको.

कोहली, रहाणे आणि नक्कल

शांत म्हणजे चांगला आणि तापट म्हणजे वाईट, असं समीकरण इथे मांडायचं नाही. कोहलीची आग खरी होती आणि ती चालली. परदेशात वीस बळी काढणारे वेगवान गोलंदाज हवेत, ते तंदुरुस्त हवेत, हा हट्ट त्याच्या काळात रुजला आणि त्याचं फळ 2020 च्या संघालाही मिळालं. पण रहाणेने मेलबर्नला कोहली व्हायचा प्रयत्न केला असता, उगाच प्रेक्षकांकडे हातवारे केले असते, तर संघातल्या प्रत्येकाला ते चटकन कळलं असतं. वर्षानुवर्षं एकाच ड्रेसिंग रूममध्ये राहणाऱ्यांपुढे नाटक टिकत नाही.

खरेपणाचा अर्थ मनात येईल ते ओकणं, असाही लावू नये. बोलायचं किती हे तुम्ही ठरवा. जे बोलाल आणि दाखवाल ते आतल्याशी भांडत नसलं म्हणजे झालं. मार्च 2024 मध्ये मुंबईने विदर्भाला वानखेडेवर हरवून 42 वी रणजी ट्रॉफी जिंकली, तेव्हा कप्तान रहाणेच होता. अंतिम सामन्यात 73 केल्या, पण हंगामभर त्याच्या बॅटला धावा नव्हत्या. जिंकल्यावर त्याने ते स्वतःच सांगितलं, की संघात माझ्या धावा सगळ्यांत कमी, पण करंडक उचलताना आनंद मलाच सगळ्यांत जास्त. अपयश लपवायला जी ताकद लागते ती अशा माणसाची वाचते, आणि दुसरीकडे लावता येते.

आकाशातली दोन उदाहरणं

शांतपणा म्हणजे नेमकं काय करायचं, हे सर्वांत बारकाईने तपासलंय विमान वाहतुकीने. त्यांच्याकडे कॉकपिटमधलं संभाषण ध्वनिमुद्रित असतं, त्यामुळे ‘मी असं म्हणालो होतो’ ही सोय नाही.

28 डिसेंबर 1978. युनायटेड एअरलाइन्सचं 173 क्रमांकाचं विमान पोर्टलंडला उतरायच्या बेतात होतं. चाकं खाली आली की नाही याबद्दल शंका आली, म्हणून अनुभवी कप्तान ती शंका फेडण्यात आणि प्रवाशांना उतरवायची तयारी करण्यात गुंतला. विमान आकाशात घिरट्या घालत राहिलं. इंधन संपत आलंय हे बाकीच्या दोघांना दिसत होतं आणि ते तसं सुचवतही होते, पण आडून आडून. कप्तानाच्या कामात तोंड घालायची रीत नव्हती. शेवटी इंजिनं बंद पडली, विमान शहराच्या वस्तीत कोसळलं आणि दहा माणसं गेली.

हा कप्तान आरडाओरडा करणारा नव्हता. तो शांतच होता, आणि हीच बाब मला महत्त्वाची वाटते. स्वतः शांत राहून एकाच प्रश्नात बुडालेला माणूस आजूबाजूच्यांना बोलतं करू शकला नाही, तर त्या शांतपणाचा उपयोग शून्य. अशा अपघातांनंतर 1979 मध्ये नासाने बैठक बोलावली आणि त्यातून वैमानिकांच्या प्रशिक्षणाची एक नवी शाखा सुरू झाली. कप्तानाने विचारायला शिकायचं, हाताखालच्यांनी स्पष्ट बोलायला शिकायचं.

त्याच कंपनीचं दुसरं विमान, क्रमांक 232, तारीख 19 जुलै 1989. डीसी-10 च्या शेपटीतल्या इंजिनाची पंख्याची तबकडी फुटली आणि तिच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. विमान वळवायला, वर-खाली करायला काहीच उरलं नाही. असं कधी घडेल हे गृहीतच धरलेलं नव्हतं, त्यामुळे त्यावरची सूचना कुठल्याही पुस्तकात नव्हती. कप्तान अल हेन्स. प्रवाशांत डेनी फिच नावाचा एक प्रशिक्षक वैमानिक होता. त्याने मदत देऊ केली, हेन्सने त्याला आत बोलावलं आणि दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करून विमान हाकायचं काम दिलं. कोण कुठलं, आपल्या खुर्चीचं काय, असली भानगड नाही. चौघं मिळून तब्बल 44 मिनिटं तो जखमी पक्षी सू सिटीपर्यंत घेऊन गेले. नियंत्रण कक्षातून सांगितलं गेलं की कुठल्याही धावपट्टीवर उतरा. त्यावर हेन्स हसून म्हणाला, म्हणजे धावपट्टीच हवी असा तुमचा आग्रह आहे तर!

विमान उतरताना मोडलं, पेटलं. 296 पैकी 112 जण वारले आणि 184 वाचले. तशा अवस्थेत एकही वाचणं अवघड होतं. हेन्स पुढे व्याख्यानांत सांगायचा की कॉकपिटमध्ये आम्हा सगळ्यांचा मिळून 103 वर्षांचा अनुभव होता, पण जे करायचं होतं त्याचा सराव एका मिनिटाचाही नव्हता. मग एकट्या कप्तानालाच जास्त कळतं, असं मानायला कारण काय?

मांडवातली गोष्ट

विमान आणि कसोटी क्रिकेट आपल्यापैकी फारच थोड्यांच्या वाट्याला येतं. लग्न सगळ्यांच्या येतं. तिसरी पंगत बसायची आहे, पत्रिका पाचशेंच्या आणि माणसं साडेसहाशे, आणि कुणीतरी येऊन कानात सांगतं की भात कमी पडणार.

एक मामा असतातच, ज्यांच्या बाह्या यावेळी वर जातात. फोन कानाला, दुसरा हात हवेत, ‘मी बघतो, मी बघतो, तुम्ही कुणी काही करू नका.’ मग आचाऱ्यावर आवाज, वाढप्यांवर आवाज. मांडवातल्या चारशे जणांना आता कळलेलं असतं की जेवण संपलं. जे नुकतेच बसायला निघाले होते ते पानावर धावतात आणि गर्दी दुप्पट होते. आचारी खरं किती उरलंय ते सांगायचं सोडून स्वतःचा बचाव करायला लागतो.

आणि एक आत्या असते. ती भटारखान्यात जाते, पातेल्याचं झाकण उचलून आत बघते आणि विचारते, “दादा, यात किती पानं होतील?”

“शंभर. ताणून सव्वाशे.”

“नवीन चढवला तर?”

“पाऊण तास धरा.”

“चढवा. तोवर पुरी आणि मठ्ठा आधी जाऊ दे, भात शेवटी. आणि तांदूळ आहे ना?”

“तांदूळ नाही.”

“बरं झालं सांगितलंत. पिंट्या, गाडी काढ.”

आत्याला धडधडत नव्हतं असं कोण म्हणेल? भाची तिची आहे, अब्रू तिचीही जाणार आहे. तिने काय केलं ते बघा. स्वतः जाऊन पाहिलं. उत्तर देता येईल असा प्रश्न विचारला. वाईट बातमी आली तेव्हा बातमी देणाऱ्यावर डाफरली नाही, म्हणून दुसरी वाईट बातमीही तिला वेळेवर कळली. आणि एकाला एकच काम नाव घेऊन दिलं. ‘कुणीतरी तांदूळ आणा’ म्हटलं असतं तर पाच जण पाच दिशांना गेले असते किंवा एकही गेला नसता. मामांनाही कळवळा तेवढाच होता, पण त्यांचं निम्मं लक्ष आपण धावपळ करतोय हे दिसण्याकडे होतं.

शांत म्हणजे गप्प नव्हे

या विषयात एक चोरवाट आहे, तिच्याबद्दल सांगायला हवं. सिडनी कसोटीत प्रेक्षकांतल्या काहींनी सिराजवर वर्णद्वेषी शेरेबाजी केली. 10 जानेवारी 2021 ला, चौथ्या दिवशी, सिराज कप्तानाकडे आला. रहाणेने खेळ थांबवला आणि थेट पंचांकडे गेला. सुरक्षारक्षक येऊन सहा जणांना स्टँडमधून बाहेर काढेपर्यंत काही मिनिटं सामना बंद होता. सिराजने भारतात परतल्यावर सांगितलं, की हवं तर तुम्ही मैदान सोडू शकता, असं पंच म्हणाले होते. रहाणेचं उत्तर होतं की आम्ही काही चूक केलेली नाही, आम्ही खेळणार.

‘सोडून दे रे, लक्ष देऊ नकोस’ असं म्हणणं सोपं होतं आणि तेही फार शांत दिसलं असतं. आपल्याकडे कुटुंबात, ऑफिसात, सोसायटीत असे पुष्कळ शांत ज्येष्ठ आहेत. त्यांच्या शांतपणाचा खर्च दुसराच कुणीतरी भरत असतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच ‘आवाज खाली’ म्हणून सांगितलं जातं. बायकांच्या बाबतीत तर हे इतकं नेहमीचं आहे की त्यावर वेगळा लेख होईल. त्याच घटनेत पुरुष चिडला तर ‘कडक’, बाई चिडली तर ‘तोल गेला’. तेव्हा कुणी शांत दिसलं की एवढं तपासावं: या माणसाला त्रास पोहोचलाय आणि तरी तो स्थिर आहे, की त्रास त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही?

सवय कशी लागते

काही गोष्टी शरीराकडून सुरू करता येतात. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, घेताना वाढतात. हे वेगस नावाच्या मज्जातंतूचं काम. म्हणून घेतलेल्या श्वासापेक्षा सोडलेला लांब ठेवला की धडधड थोडी उतरते. अशी पाच-सहा आवर्तनं कुणाच्या लक्षातही न येता, मीटिंगच्या दाराबाहेर उभं राहून होतात. दुसरं, जे वाटतंय त्याला मनात नाव द्यायचं. ‘मला भीती वाटतेय की पैसे अडकतील.’ भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डाला या धोक्याच्या घंटेची खळबळ कमी होते, असं मेंदूच्या चित्रणांत दिसलं आहे. दाबण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

मग बोलणं. पहिलं वाक्य माहितीचं असावं, आणि जे ठाऊक नाही तेही त्यातच असावं. ‘पगार या महिन्यात होणार. पुढच्या महिन्याचं मला आज सांगता येत नाही. शुक्रवारी चार वाजता इथेच भेटू, तोवर बँकेचं उत्तर आलेलं असेल.’ यात धीर देणारं विशेषण एकही नाही. तरी ऐकणाऱ्याच्या पायाखाली जमीन येते, कारण तिसरं वाक्य त्याला शुक्रवारपर्यंत नेऊन ठेवतं. शुक्रवारी चारला मात्र हजर राहायला लागतं; बँकेचं उत्तर आलेलं नसलं तरी.

प्रश्न विचारला की थांबायचं. हे फार कठीण जातं. आपण विचारतो, ‘कुणाला काही शंका?’ आणि दोन सेकंदांत ‘नाही ना? चला’ म्हणून उठतो. हाताखालच्या माणसाला तोंड उघडायला त्याहून जास्त वेळ लागतो, विशेषतः जे सांगायचंय ते साहेबांना आवडणार नसेल तर. शक्य असेल तिथे सगळ्यांत नव्या माणसाला आधी विचारावं. वरिष्ठ एकदा बोलले की बाकीचे त्यांच्याच मागे जातात.

आणि बराचसा धीर आधीच जमवून ठेवावा लागतो. उड्डाणापूर्वी वैमानिक एकमेकांना बोलून दाखवतात, की धावपट्टीवर अमुक वेगाच्या आत इंजिन गेलं तर थांबायचं, त्यानंतर गेलं तर उडायचंच, आणि तेव्हा कोण काय करेल. हजारो वेळा उडालेले वैमानिकही हे प्रत्येक उड्डाणाआधी बोलतात. बहुतेक वेळा इंजिनाला काही होत नाही आणि ते बोलणं फुकट जातं. मांडवात हेच काम आदल्या रात्री होतं, आचारी, मामा आणि आत्या एकत्र बसतात तेव्हा. शंभर पानं वाढली तर काय करायचं, तांदूळ कुठल्या दुकानातून, दुकानदाराचा नंबर कुणाकडे, आणि गाडीची किल्ली पिंट्याच्या खिशात आहे की नवरदेवाच्या.